अवरक्त प्रकाश आणि आपल्या डोळ्यांची हद्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकाशाचे प्रयोग दाखवून झाले की प्रश्नांच्या चिठ्ठ्या येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शब्दही बहुतेक विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही. तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अवरक्त प्रकाश म्हणजे काय? इन्फ्रारेड म्हणतात तो हाच का?

हो, हाच. इंद्रधनुष्यात लाल पट्टा जिथे संपतो असं आपल्याला वाटतं, त्याच्या पलीकडचा प्रकाश. प्रकाश ही लाट आहे आणि लाटेच्या दोन माथ्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी. ती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजतात. आपल्याला साधारण ३८० (जांभळा) ते ७५० (गडद लाल) नॅनोमीटरपर्यंतचं दिसतं. तिथून पुढे थेट एक मिलिमीटरपर्यंत अवरक्ताचा पसारा आहे.

गाण्याच्या भाषेत सांगायचं तर दृश्य प्रकाश हे जेमतेम एक सप्तक आहे. अवरक्ताची सप्तकं दहा भरतात.

त्यातले दोन प्रदेश वेगळे ओळखायला शिका. एक लालच्या अगदी शेजारचा, ७५० ते साधारण १४०० नॅनोमीटरचा. रिमोट आणि रात्रीचे कॅमेरे यात काम करतात. दुसरा दूरचा, दहा हजार नॅनोमीटरच्या (म्हणजे दहा मायक्रोमीटरच्या) आसपासचा. आपल्या अंगातून बाहेर पडणारा तो हा. नाव एक असलं तरी दोघांची वागणूक पार वेगळी आहे. मला येणाऱ्या प्रश्नांतला निम्मा गोंधळ या दोघांची गल्लत झाल्यामुळेच होतो.

२. दिसतच नाही, तर तो आहे हे कळलं कसं?

तापमापीने. १८०० साली विल्यम हर्शेल हे खगोलशास्त्रज्ञ सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा तपासत होते (युरेनस ग्रह शोधणारे तेच हे). काही काचांतून उजेड कमी आणि तरी डोळ्याला चटका जास्त, काहींतून उलट, असं त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा प्रत्येक रंग किती तापवतो ते वेगळं मोजायचं त्यांनी ठरवलं. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग टेबलावर पसरले, काळे केलेले तापमापीचे फुगे एकेका रंगात ठेवले आणि लालच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. लालमध्ये चढला त्याहून जास्त.

हा प्रयोग तुम्हालाही करता येतो, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. लोलक जांभळ्या बाजूला ऐसपैस पसरवतो आणि लाल बाजूला दाटीवाटीने बसवतो. त्यामुळे लालच्या पलीकडे पारा सर्वांत जास्त चढला म्हणजे सूर्याची सर्वाधिक ऊर्जा तिथेच आहे, असा निष्कर्ष काढू नका.

पुढच्याच वर्षी योहान रिटर यांनी दुसऱ्या टोकाला तसाच शोध घेतला. सिल्व्हर क्लोराइड जांभळ्याच्या पलीकडे सर्वांत लवकर काळं पडतं हे त्यांना दिसलं आणि अतिनील किरण सापडले.

३. म्हणजे अवरक्त म्हणजेच उष्णता, बरोबर ना?

नाही, आणि ही समजूत पाठ्यपुस्तकांनीही पोसली आहे याचं मला वाईट वाटतं. कोणताही प्रकाश शोषला गेला की त्याची उष्णता होते. हिरवा असो, निळा असो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतला साधारण निम्मा वाटा अवरक्ताचा असतो. उरलेला बहुतेक दृश्य प्रकाशाचा, आणि तोही आपल्याला तापवतोच.

मग नातं कसं जडलं? प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रकाश बाहेर टाकत असते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस, म्हणून त्याचा भर दृश्य प्रकाशात. आपली त्वचा ३३ अंशांच्या आसपास, म्हणून तिचा सारा भर साडेनऊ मायक्रोमीटरच्या अवरक्तात. त्वचेचा दर चौरस मीटर सुमारे ५०० वॅट असा प्रकाश टाकत असतो. खोलीच्या भिंतीही आपल्याकडे जवळपास तेवढाच परत टाकतात, म्हणून आपण गारठत नाही.

लोखंड तापवत नेलं तर अंधारात ते पहिल्यांदा मंद लाल दिसतं साधारण ५२५ अंशांना. जॉन ड्रेपर यांनी हे १८४७ मध्ये नोंदवलं. ४०० अंशांवरचं लोखंड हात होरपळवेल इतकं किरण टाकत असतं, तरी डोळ्याला ते काळंच.

४. पण आपल्याला तो दिसत का नाही? डोळ्यात काय कमी आहे?

कमी काही नाही. उलट हा डोळ्याच्या नेकीचा भाग आहे. हा प्रश्न मला सर्वांत जवळचा, म्हणून उत्तर थोडं लांबणार.

दृष्टिपटलावरच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या) प्रकाश टिपणाऱ्या प्रत्येक दंडाकार आणि शंकाकार पेशीत रेटिनल नावाचा एक छोटा रेणू असतो. जीवनसत्त्व अ पासून तो बनतो. अंधारात तो कोपरात दुमडलेल्या हातासारखा वाकलेला असतो. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, आदळला की तो सरळ होतो. पाहण्याची सुरुवात एवढीच. पुढची सगळी साखळी या सरळ होण्यावर चालते.

रेणूला सरळ व्हायला ठरावीक जोराचा धक्का लागतो आणि तरंगलांबी वाढली की फोटॉनचा धक्का हलका होतो. अंगातून निघणाऱ्या अवरक्ताच्या फोटॉनमध्ये हिरव्या फोटॉनच्या जेमतेम सतराव्या हिश्शाइतकी ऊर्जा असते. त्याने हा रेणू हलत नाही.

मग हलक्या धक्क्यालाही हलेल असा रेणू निसर्गाने का निवडला नाही? कारण धक्के फक्त प्रकाशच देतो असं नाही. शरीर ३७ अंशांवर आहे, त्यामुळे आतला प्रत्येक रेणू सतत थरथरत असतो. एका दंडाकार पेशीत ऱ्होडॉप्सिनचे (रेटिनल ज्यात बसलेला असतो त्या प्रथिनाचे) सुमारे दहा कोटी रेणू असतात. त्यातला एखादा आपला आपण, प्रकाश नसताना, सरळ होतो तो शेकडो वर्षांत एकदा. इतका तो स्थिर आहे. तरीही दहा कोटींचा हिशेब केला की दर काही मिनिटांनी पेशीतून एक खोटी बातमी निघतेच. ही पेशी एकेका फोटॉनचीही दखल घेते, म्हणून हे खोटेपण तिला फार परवडत नाही. रेणू जितका लालकडच्या, लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला जागणारा, तितका तो आपोआप जास्त वेळा सरळ होतो. वेगवेगळ्या रंगद्रव्यांवर २०११ मध्ये झालेल्या मोजमापांत हेच दिसलं. दूरच्या अवरक्ताला जागणारा रेणू उबदार डोळ्यात अखंड खोटंच बोलत राहिला असता.

शिवाय डोळा स्वतःच त्या प्रकाशात उजळलेला असतो. नेत्रभिंग, आतला द्रव, पापणीची मागची बाजू, सगळंच. अशा डोळ्याने बाहेरची ऊब पाहणं म्हणजे पेटत्या भट्टीत बसून बाहेरचे काजवे शोधणं.

५. हद्द नेमकी किती? कुठे ७००, कुठे ७५०, कुठे ७८० लिहिलेलं असतं.

सगळे आपापल्या जागी ठीक, कारण तिथे भिंत नाही, उतार आहे. उजेडात डोळा सर्वांत तीक्ष्ण असतो ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्याला. ७०० ला ती तीक्ष्णता सुमारे अडीचशेपट घटलेली असते, ७८० ला साठ हजारपटीहून जास्त. पण शून्य होत नाही. प्रकाश पुरेसा प्रखर केला की दिसतोच. १९४७ मध्ये जॉर्ज वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या डोळ्याची ही घसरण १०५० नॅनोमीटरपर्यंत मोजली. आंतरराष्ट्रीय प्रकाशमापन आयोगाच्या तक्त्यांत ३६० ते ८३० पर्यंतचे आकडे असतात.

अंधारात, जिथे फक्त दंडाकार पेशी काम करतात, तिथे ही सर्वाधिक तीक्ष्णता ५०७ नॅनोमीटरकडे सरकते. म्हणून तिन्हीसांजेला लाल फुलं काळी पडतात आणि पानं अजून दिसत असतात. बागेत कधी बसून पाहा, वीसेक मिनिटांत हा बदल आपल्या समोर घडतो.

६. टीव्हीच्या रिमोटचा दिवा डोळ्याला दिसत नाही, मग मोबाइलच्या कॅमेऱ्यात कसा दिसतो?

कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतच्या प्रकाशाला जागतं. रिमोटचा दिवा बहुधा ९४० चा. फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून सेन्सरसमोर अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते, पण ती थोडं गळू देते.

करून पाहताना खोलीत अंधार करा. रिमोटचं टोक समोरच्या, म्हणजे सेल्फीच्या, कॅमेऱ्याकडे धरा. मागच्या कॅमेऱ्याची काच बहुधा जास्त कडक असते आणि तिथे काहीच दिसलं नाही म्हणून पुष्कळजण प्रयोग फसला समजतात. बटण दाबलं की काळ्या प्लास्टिकच्या मागे तांदळाएवढा ठिपका लुकलुकतो. फिकट, जांभळट पांढरा. तो त्या प्रकाशाचा खरा रंग नव्हे. सेन्सरवरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या तिन्ही गाळण्या एवढ्या लांबच्या तरंगलांबीला वाट देतात, म्हणून तिन्हींची सरमिसळ दिसते. बटण दाबून धरलं तरी ठिपका थरथरत राहतो, कारण रिमोट आपला संदेश तुकड्यातुकड्यांत पाठवत असतो. मी हा प्रयोग शेकडो वेळा दाखवला असेल. मुलं आधी पडद्याकडे बघतात, मग मान वाकडी करून रिमोटकडे, मग पुन्हा पडद्याकडे. ती दुसरी नजर मला फार आवडते.

७. सीसीटीव्हीचे दिवे रात्री मंद लाल दिसतात. ते अवरक्त असतील तर दिसतात कसे?

ते ८५० नॅनोमीटरचे असतात आणि थेट त्यांच्याकडे पाहिलं की उताराच्या शेपटीतला (प्रश्न ५) एक बारीकसा अंश डोळ्याला लागतो. ९४० चे दिवे लावले तर ही लाली जाते, पण सेन्सरलाही तो प्रकाश कमी दिसतो, म्हणून चित्र मंद येतं. चेहरा ओळखणारे मोबाइलही बहुधा ९४० च्या आसपास काम करतात. हवेतली वाफ सूर्यप्रकाशातला तो पट्टा बराचसा शोषते, त्यामुळे उन्हाची ढवळाढवळ कमी होते.

८. नाइट व्हिजन आणि थर्मल कॅमेरा एकच का?

नाही. नाइट व्हिजनची दुर्बीण चांदण्यातला तुटपुंजा दृश्य आणि शेजारचा अवरक्त प्रकाश गोळा करून हजारोपट वाढवते. तिला थोडा तरी उजेड लागतो. चित्र पूर्वापार हिरवं, कारण हिरव्याच्या छटा डोळ्याला सर्वांत बारीक कळतात. थर्मल कॅमेऱ्याला उजेड लागत नाही. वस्तूंनी स्वतः टाकलेला ८ ते १४ मायक्रोमीटरचा प्रकाश तो पकडतो.

एकदा थर्मल कॅमेरा हाताशी असताना मी टेबलावर तळवा दहाएक सेकंद दाबून ठेवला आणि उचलला. टेबल कोरडं, डोळ्याला काही नाही. पडद्यावर मात्र पाचही बोटांसह पंजा उजळलेला. बोटांची टोकं आधी विझली, अंगठ्याखालचा मांसल भाग शेवटपर्यंत रेंगाळला.

९. थर्मल कॅमेऱ्याला भिंतीपलीकडचं दिसतं का? काचेपलीकडचं?

भिंतीपलीकडचं नाही. तो भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान पाहतो. आत गरम पाण्याची नळी असेल तर तिने तापवलेला पट्टा दिसेल, नळी नव्हे.

काचेपलीकडचंही नाही, आणि याचं सगळ्यांना आश्चर्य वाटतं. खिडकीची काच दूरच्या अवरक्ताला अपारदर्शक असते. कॅमेरा खिडकीकडे धरला की काचेत आपलाच चेहरा आरशासारखा दिसतो. म्हणूनच या कॅमेऱ्यांची भिंगं साध्या काचेऐवजी जर्मेनियमची करतात, आणि जर्मेनियम डोळ्याला धातूसारखं करडं, अपारदर्शक दिसतं. उलट काळ्या प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घाला. डोळ्याला पिशवी दिसेल, कॅमेऱ्याला हात. पारदर्शकपणा हा वस्तूचा एकटीचा गुण नाही, तो कोणत्या प्रकाशात पाहता त्यावर ठरतो.

चकाकत्या धातूवरचं तापमान मात्र मानू नका. तो स्वतः फार कमी प्रकाश टाकतो आणि आजूबाजूचाच परावर्तित करतो. त्यावर कागदी चिकटपट्टी लावून पट्टीचं तापमान मोजावं.

१०. कपाळासमोर धरायचा तापमापी मेंदूत किरण सोडतो हे खरं का?

खोटं. तो काहीच सोडत नाही. कपाळातून निघणारा प्रकाश फक्त घेतो. किरण सोडतंय ते कपाळ. कारखान्यात वापरायच्या काही तापमापींना नेम धरण्यासाठी लाल लेझरचा ठिपका असतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नये एवढंच.

११. थर्मल चित्रातले लाल-निळे रंग आणि जेम्स वेब दुर्बिणीचे फोटो खरे असतात का?

मोजमाप खरं, रंग नेमून दिलेले. थर्मल चित्रात गरमला पिवळा, थंडला निळा हा निव्वळ संकेत आहे. त्याच कॅमेऱ्यात बटण फिरवून करडं चित्रही मिळतं.

२५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेलेली जेम्स वेब दुर्बीण ०.६ ते २८.५ मायक्रोमीटरचा प्रकाश टिपते. तिच्या चित्रांत क्रम सहसा पाळलेला असतो. सर्वांत छोट्या तरंगलांबीला निळा, सर्वांत मोठीला लाल. खालच्या पट्टीत वाजवलेलं गाणं आपल्या पट्टीत आणावं तसं. तिचं एक उपकरण उणे २६६ अंशांच्याही खाली थंड ठेवावं लागतं आणि त्याचं कारण तेच, प्रश्न ४ मधल्या भट्टीचं. यंत्र स्वतः उजळलेलं असेल तर दूरची मंद आकाशगंगा दिसणार कशी?

१२. सापांना अवरक्त दिसतं म्हणतात. आणि गोल्डफिशला?

सगळ्या सापांना नाही. पिट व्हायपर, अजगर आणि बोआ यांना. नागाला नाही. तेही डोळ्याने नव्हे. पिट व्हायपरच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खाचेत एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. भक्ष्याच्या उबेने तो किंचित तापतो आणि त्यातल्या मज्जातंतूंमधलं टीआरपीए१ हे प्रथिन संदेश धाडतं (२०१० मध्ये हे उलगडलं). तो संदेश मेंदूत डोळ्याच्या संदेशाशी जुळवला जातो. म्हणून ‘दिसतं’ हा शब्द अगदीच चुकीचाही नाही.

रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या नाकावरही अशीच जाण असते. तिथे प्रथिन वेगळं.

गोल्डफिशची गोष्ट निराळी. त्याच्यासारखे गोड्या पाण्यातले मासे जीवनसत्त्व अ चं थोडं वेगळं रूप वापरतात आणि त्यांची हद्द लालच्या थोडी पुढे सरकते. गढूळ पाण्यात लालसर प्रकाशच जास्त उरतो, तिथे याचा उपयोग. बुलफ्रॉग बेडकाच्या डोळ्यात तर खाली पाण्यात पाहणाऱ्या भागातच हे रूप असतं, वर हवेत पाहणाऱ्या भागात नेहमीचं. पण अंगाची ऊब यांपैकी कुणाच्याही डोळ्याला दिसत नाही.

१३. प्रयोगशाळेत लोकांना अवरक्त लेझर हिरवा दिसला असं वाचलं. हे कसं शक्य आहे?

खरं आहे. २०१४ मध्ये क्शिश्तोफ पालचेव्स्की यांच्या गटाने हे उलगडून दाखवलं. सुमारे १००० नॅनोमीटरचा लेझर अतिशय आखूड स्पंदांत सोडला की इतके फोटॉन एकदम दाटीने येतात की कधीकधी दोन फोटॉन एकाच रेणूवर एकाच क्षणी आदळतात. दोघांचा धक्का मिळून ५०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनएवढा होतो, आणि डोळा हिरवा रंग सांगतो. रेणूला कुणी किती जणांनी ढकललं ते कळत नाही, फक्त ढकललं गेलं एवढं कळतं.

१४. दिसत नाही तो प्रकाश डोळ्याला अपाय करतो का?

प्रखर असेल तर करतो, आणि दिसत नाही म्हणूनच जास्त. दृश्य प्रकाश झगमगला की पाव सेकंदात पापणी मिटते. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरला ती मिटतच नाही. तो मात्र डोळ्याच्या भिंगातून आरपार जाऊन दृष्टिपटलावर सुईच्या टोकाएवढा एकवटतो. दृष्टिपटलाला वेदना नसते. माणसाला कळतं ते दृष्टीत डाग पडल्यावर.

स्वस्तातल्या हिरव्या लेझर पॉइंटरबद्दल मी सगळ्यांना बजावतो. त्यात हिरवा प्रकाश अवरक्तापासूनच बनवतात आणि उरलेला अवरक्त अडवणारी गाळणी कधीकधी बसवलेलीच नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये असा एक पॉइंटर तपासला तेव्हा त्यातून हिरव्यापेक्षा अवरक्तच जास्त निघत होता. मुलांच्या हाती खेळणं म्हणून देऊ नका.

ग्रहण पाहताना काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म वापरू नका. उजेड सुसह्य वाटतो, पण अवरक्त किती गळतोय ते डोळ्याला सांगताच येत नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचे चष्मेच वापरा.

काच फुंकणाऱ्या आणि भट्टीपुढे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कारागिरांना मोतीबिंदू लवकर होतो हे फार पूर्वीपासून माहीत आहे. रिमोटच्या दिव्याची भीती मात्र नको, त्याची ताकद फारच कमी असते.

१५. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अवरक्त दिसू लागतं का?

नाही. या प्रश्नात वर्णपंक्तीची (प्रकाशाच्या रंगांच्या पट्ट्याची) टोकं उलटी झाली आहेत. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग अतिनील अडवतं. ते काढून त्याजागी काहीच बसवलं नाही तर थोडा अतिनील प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो आणि तो निळसर पांढरा भासतो. आजची कृत्रिम भिंगं अतिनील अडवतात.

१६. पुढेमागे माणसाला अवरक्त दिसेल असं काही करता येईल का?

लालच्या शेजारच्या अवरक्तापुरतं सुरू झालं आहे. २०१९ मध्ये चिनी संशोधकांच्या पुढाकाराने उंदरांच्या दृष्टिपटलामागे असे अतिसूक्ष्म कण सोडले गेले की ते ९८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून हिरवा बाहेर टाकतात. उंदीर त्या प्रकाशातले आकार ओळखू लागले. २०२५ मध्ये तसेच कण मऊ कॉन्टॅक्ट लेन्समध्ये बसवून माणसांना लावले. अवरक्त दिव्याची उघडझाप त्यांना कळली, दिवा कोणत्या दिशेला आहे तेही कळलं.

अडचणी दोन. कण डोळ्याच्या अगदी पुढे असल्याने त्यांनी टाकलेला प्रकाश सर्व दिशांना पसरतो आणि बारकावे पुसट होतात. आणि दिवा चांगला प्रखर लागतो. अंधारात माणसाच्या अंगाची ऊब यातून दिसणार नाही. तो प्रकाश डोळ्यातल्या पाण्यात पहिल्याच थरात जिरतो. १४०० नॅनोमीटरच्या पुढे हे पाणीच आडवं येतं, रेणू कुठलाही बसवा.

एक निरीक्षण मात्र मला फार विलक्षण वाटलं. लेन्स लावलेल्यांनी डोळे मिटले तेव्हा ती उघडझाप त्यांना अधिक स्पष्ट कळली. पापणीतून दृश्य प्रकाशापेक्षा लालशेजारचा अवरक्त सहज पार होतो, आणि बाकीचा उजेड बाहेर अडतो.